हनोई ते सायगाव, चार तुकड्यांत

परदेशी फिरायला जाणाऱ्यांचे आमच्या ऑफिसात दोन पंथ आहेत. पहिला टूर कंपनीवाल्यांचा. पैसे भरायचे, गळ्यात बिल्ला अडकवायचा आणि झेंडा दिसेल तिकडे चालत सुटायचं. दुसरा एक्सेलवाल्यांचा. मी अर्थातच दुसऱ्या पंथाचा. आमच्या शीटमध्ये प्रत्येक दिवसाची एक ओळ असते आणि प्रवासाचे तास लाल रंगात असतात, कारण ते 'वाया' गेलेले तास. सुट्टीत लाल रंग जितका कमी, तितका प्लॅन भारी.

यंदाच्या शीटमध्ये मात्र लाल रंगच मुख्य आहे. कारण बाबा.

बाबांचं म्हणणं साधं आहे. "परदेशात न्यायचंच असेल तर रेल्वेने फिरव. रात्री गाडीत झोपायचं, सकाळी उठून खिडकीतून दुसरा मुलूख बघायचा. विमानातून ढग बघायला मी कशाला येऊ?" बाबा बँकेतून रिटायर झाले, पण मन कायम रेल्वेत. लोक पेपर वाचतात तसं ते टाइमटेबल वाचतात. त्यांचं लहानपण मिरजेत गेलं, आणि १९७१ मध्ये पुणे-मिरज ब्रॉडगेज होईपर्यंत त्या मार्गावर मीटर गेजची गाडी होती. ती गाडी, तो इंजिनाचा धूर, किर्लोस्करवाडीला उतरणारे कामगार वगैरे वगैरे आम्ही इतक्या वेळा ऐकलंय की माझी आठ वर्षांची लेकसुद्धा मधूनच वाक्य पूर्ण करते.

गंमत बाजूला ठेवू. बाबा आता एकाहत्तरचे आहेत आणि दोन्ही गुडघे संपावर गेलेत. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय. ते पावसाळ्यानंतर करायचं ठरलंय. म्हणजे जायचं तर त्याच्या आधी. "पुढच्या वर्षी बघू" हा पर्याय शीटमध्ये नाही.

आता लांब पल्ल्याची रेल्वे म्हटलं की डोक्यात पहिलं नाव येतं ट्रान्स-सायबेरियनचं. मॉस्को ते व्लादिवोस्तोक ९,२८९ किलोमीटर. पण त्यात आठवडा जाणार, आणि २०२२ पासून चाललेल्या युद्धामुळे तो विषय घरात निघाल्या निघाल्या संपला. युरोपचं बघितलं, तर शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट मिळवण्यापासून तयारी, आणि पास काढला तरी बऱ्याच गाड्यांना आरक्षणाचे वेगळे पैसे. पाच माणसांचा हिशेब केल्यावर मी ती शीट बंद केली. जपानचं तर विचारूच नका. तिथला सात दिवसांचा रेल्वे पास २०२३ च्या ऑक्टोबरात २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येनवर गेला. शिवाय तोक्यो ते ओसाका अडीच तासांत. बाबांनी विचारलं, "मग झोपायचं कधी?" :)

मग कुठूनतरी व्हिएतनाम आलं. 'द मॅन इन सीट सिक्स्टी-वन' नावाची एक साईट आहे. मार्क स्मिथ नावाचे, ब्रिटिश रेल्वेत काम केलेले गृहस्थ ती २००१ पासून चालवतात. जगात कुठून कुठे रेल्वेने कसं जायचं ते सगळं तिथे सापडतं. त्यात हनोई ते सायगावचं पान उघडलं आणि बाबांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, एकच आकडा वाचला आणि म्हणाले, "हजार मिलिमीटर. अरे, मीटर गेज आहे हे!"

विषय संपला.

हा मार्ग १,७२६ किलोमीटरचा आहे. म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षा जास्त, नागपूरमार्गे मुंबई-हावड्यापेक्षा कमी. गाडीला लागतात चौतीस-पस्तीस तास. भागाकार केलात तर सरासरी पन्नासचा वेग. आपली कोकणकन्या साधारण याच वेगाने मडगावला जाते, तेव्हा आपल्याला सवय आहे. फ्रेंचांनी १८९९ मध्ये काम सुरू केलं आणि सगळे तुकडे जोडून पूर्ण मार्ग व्हायला १९३६ उजाडलं. पुढे अठरा वर्षांत मार्ग तुटला. १९५४ च्या जिनिव्हा करारात १७ व्या अक्षांशाजवळ, बेन हाय नदीवर देशाचे दोन भाग झाले. त्या तहावर देखरेख करायला जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला त्याचा अध्यक्ष भारत होता, सोबत कॅनडा आणि पोलंड. आपले अधिकारी तिथे वर्षानुवर्षं राहिले. हे मला या प्लॅनिंगच्या निमित्ताने कळलं, बाबांना माहीत होतं.

त्यानंतर युद्ध. पूल, बोगदे, स्टेशनं, सगळ्यावर बॉम्ब आणि सुरुंग. १९७५ च्या ३० एप्रिलला सायगाव पडलं आणि त्यानंतर त्या लोकांनी पहिल्यांदा जी कामं हातात घेतली त्यात ही रेल्वे होती. १,३३४ पूल, २७ बोगदे आणि १५८ स्टेशनं दुरुस्त करून १९७६ च्या ३१ डिसेंबरला गाडी पुन्हा हनोईहून सायगावकडे निघाली. म्हणून या मार्गाचं तिथलं नाव 'थोंग न्यात', म्हणजे एकीकरण. शहराचं नाव बदलून हो ची मिन्ह सिटी झालं, पण स्टेशनवर पाटी अजून सायगावचीच आहे. बाबा १९७५ मध्ये एकवीस वर्षांचे होते. त्यांच्याही तोंडात सायगावच आहे.

तर जायचं कुठे ते ठरलं. कधी, हा खरा प्रश्न.

आपल्या लोकांना मोठी सुट्टी मिळते दिवाळीत. क्लायंटला चार महिने आधी सांगून ठेवलं की तोही निमूट ऐकतो. पण ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे मध्य व्हिएतनामच्या पावसाचा कडेलोट. आपला पाऊस नैऋत्येकडून जून ते सप्टेंबर पडतो. तिकडे हुए, दा नांग या पट्ट्यात तो ईशान्येकडून, आपला संपल्यावर सुरू होतो, आणि वर समुद्रातून वादळं येतात ती वेगळीच. २०२५ च्या ऑक्टोबर अखेरीस हुएजवळच्या डोंगरात चोवीस तासांत १,७०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. पुण्याला अख्ख्या वर्षात याच्या निम्माही होत नाही! हुए आणि होई आन पाण्यात गेलं, रेल्वे थांबली. आमचा तर दिवाळीपर्यंत थांबायचा प्रश्नच नव्हता, पण तुम्ही जाणार असाल तर हे लिहून ठेवा. व्हिएतनामचा उत्तर-दक्षिण प्रवास दिवाळीत करू नये.

जानेवारी-फेब्रुवारी हवा छान, पण मध्ये येतो 'तेत', म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष. गणपतीत चाकरमान्यांची कोकणात जायला जी झुंबड उडते तीच समजा, फक्त देशभर. दक्षिणेत कामाला असलेली माणसं सणाआधी उत्तरेकडे निघतात आणि सणानंतर परत येतात. म्हणजे सण झाल्यावरच्या दिवसांत हनोईहून सायगावकडे जायचं, हे नेमकं गर्दीच्या दिशेने जाणं. मार्चमध्ये लेकीची परीक्षा. एप्रिलच्या शेवटी ३० एप्रिल आणि १ मे या त्यांच्या जोडसुट्ट्या. जूनपासून त्यांच्या शाळांना सुट्टी लागते, मग गाड्या पुन्हा भरतात.

उरला मेचा मधला आठवडा. मध्य भाग कोरडा, समुद्र शांत, शाळा तिकडच्या चालू आणि आपल्याकडच्या बंद. अडचण एकच, ऊन. मी काळजीने हुएचं तापमान वाचून दाखवलं, सदतीस-अडतीस अंश. बायको माहेरची वर्ध्याची. ती म्हणाली, "हे काय ऊन आहे? याला आम्ही स्वेटर काढायचा दिवस म्हणतो."

असो. तारखा ठरल्या आणि घरात खरं युद्ध पेटलं.

बाबांना हनोईत चढून थेट सायगावला उतरायचं होतं. एका दमात, दोन रात्री आणि मधला एक दिवस. "तुकडे पाडले तर ती जर्नी कसली?" बायकोचं म्हणणं, आठ रजा घालून पाच माणसं तिकडे जाणार आणि त्यात सलग पस्तीस तास डब्यात बसणार असू, तर डेक्कन एक्सप्रेसने चार फेऱ्या मारू, स्वस्त पडेल. आई तटस्थ. तिचा प्रश्न जेवणाचा होता, त्यावर येतो.

अशा वेळी इंजिनिअर माणूस काय करतो? आकडे काढतो. मी बाबांना विचारलं, तुम्हाला गाडीत बसायचंय की मार्ग बघायचाय? "दोन्ही," म्हणाले. मग आम्ही एका रविवारी टेबलावर टाइमटेबल पसरून बसलो.

संध्याकाळी हनोई सोडणारी थेट गाडी पहाटे उजाडताना डोंग होईला असते, ५२२ व्या किलोमीटरवर. दिवसभर पळून अंधार पडेतो ती साधारण ११०० व्या किलोमीटरपाशी पोचते. पुढचं सगळं पुन्हा अंधारात. म्हणजे १,७२६ पैकी उजेडात दिसणार पावणेसहाशे, एक तृतीयांश.

आता चार तुकडे करू. हनोई ते हुए ६८८ किलोमीटर, रात्री. हुए ते दा नांग १०३, दिवसा. दा नांग ते न्हा त्रांग ५२४, सकाळची गाडी पकडून दिवसा. न्हा त्रांग ते सायगाव ४११, रात्री. दिवसाचे दोन टप्पे मिळून ६२७. त्यात पहिल्या रात्रीनंतर डोंग होई ते हुए हे १६६ किलोमीटर सकाळच्या उजेडात होतात ते धरले, तर ७९३. मार्ग तोच, रूळ तेच, एकही किलोमीटर सोडलेला नाही, आणि दिसतो जवळजवळ निम्मा.

बाबांनी बेरीज स्वतः पेनाने करून बघितली. (माझ्यावर विश्वास आहे, कॅल्क्युलेटरवर नाही.) मग म्हणाले, "आणि बेन हाय नदी?"

ती डोंग होई आणि हुएच्या मधेच येते. म्हणजे सकाळी, उजेडात. "मग चालेल," बाबा म्हणाले. बावीस वर्षं जिथे एकही गाडी ओलांडू शकली नाही तो पूल त्यांना जागेपणी ओलांडायचा आहे, हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं. सगळा हट्ट एका दमात जाण्याचा वाटत होता.

लांबच्या रेल्वेने सुट्टी आखताना कुठला टप्पा दिवसा आणि कुठला रात्री, हेच आधी ठरवावं. हॉटेलं, देवळं, बाजार नंतर त्याभोवती बसवता येतात. आपण नेहमी उलट करतो. आधी गावं ठरवतो आणि मग मिळेल त्या गाडीने ती जोडतो. या मार्गावर तसं केलं तर हुए ते दा नांगचा टप्पा सहज रात्रीत जाऊ शकतो, आणि तो तर सगळ्यात देखणा. तिथे हाय वानचा घाट आहे. हाय म्हणजे समुद्र, वान म्हणजे ढग. २००५ मध्ये तिथे सहा किलोमीटरहून लांब रस्त्याचा बोगदा झाला, त्यामुळे बसवाले डोंगराखालून निघून जातात. रेल्वे मात्र अजून समुद्राच्या कडेकडेने, वळसे घेत जाते. दक्षिणेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला. तिकीट काढताना साईटवर डब्याचा नकाशा येतो, त्यात डावी खिडकी कुठली ते आधी बघून घ्यायचं. २०२४ च्या मार्चपासून या टप्प्यावर खास पर्यटकांसाठीही गाडी सुरू झाली आहे.

आता बर्थ. इथे आमची गोची अशी की आम्ही पाच. त्यांच्याकडे 'सॉफ्ट स्लीपर'मध्ये चार बर्थचा कप्पा असतो, दार लावता येतं. 'हार्ड स्लीपर'मध्ये सहा, तीन मजली, गादी पातळ. आपल्याकडे लोअर बर्थसाठी भांडणं होतात, त्यांनी साधा उपाय काढलाय. खालचा बर्थ महाग, वर जाल तसा स्वस्त. आई-बाबा, बायको आणि लेक चारच्या कप्प्यात, मी शेजारच्या कप्प्यात तीन अनोळखी लोकांसोबत. लेकीला वरचा बर्थ मिळणार म्हणून ती आत्तापासून उड्या मारतेय.

बाबांच्या गुडघ्यांच्या दृष्टीने बर्थपेक्षा मोठा प्रश्न चढण्या-उतरण्याचा. तिकडचे फलाट ठेंगणे असतात, डब्याच्या पायऱ्या चढाव्या लागतात आणि मधल्या स्टेशनांवर गाडी काही मिनिटंच थांबते. म्हणून माणशी एकच बॅग, उचलता येईल एवढीच. बाबा दारात जाऊन उभे राहणार स्टेशन यायच्या दहा मिनिटं आधी, आणि मी खाली उतरून हात देणार. शीटमध्ये याचीही एक ओळ आहे.

आणि जेवण. व्हिएतनामी जेवणात माशाचा सॉस असतो, भाजीतसुद्धा. आई माळकरी घरातली. तिने "मी दहा दिवस चिवड्यावर काढीन" असं जाहीर केलं होतं. मग सापडला 'चाय' हा शब्द. व्हिएतनामी भाषेत चाय म्हणजे चहा नव्हे, शाकाहारी जेवण! तिथले बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी चाय खातात, आपल्या एकादशीसारखं. हुए तर जुन्या पॅगोडांचं गाव, त्यामुळे चाय लिहिलेली हॉटेलं भरपूर. आईचा चेहरा एकदम खुलला. "म्हणजे त्यांच्यातही उपास करतात," म्हणाली. गाडीत डब्याच्या टोकाला गरम पाण्याची सोय असते, तेव्हा झटपट उपमा आणि पोहे बरोबर आहेतच. चिवडाही आहेच, तो काही सुटत नाही.

आईसाठी आणखी एक ओळ आहे. दा नांगजवळ 'मी सन' म्हणून जागा आहे. चंपा राज्याची शंकराची देवळं. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने तिथे भद्रेश्वराची स्थापना केली, शिलालेख संस्कृतात आहेत. १९६९ च्या बॉम्बहल्ल्यात तिथलं मुख्य मंदिर गेलं. आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे जतनाचं काम केलं आणि २०२० मध्ये खोदताना अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. युनेस्कोने १९९९ मध्येच त्या जागेला जागतिक वारसा म्हटलंय. आईने ओटीचं सामान घ्यायचं का विचारलंय. मी उत्तर टाळलं.

राहिला धोका. हा मार्ग जवळपास सगळा एकेरी आहे आणि त्याला पर्यायी रूळ नाही. आमच्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. २०२४ च्या एप्रिलमध्ये बाय जो नावाच्या बोगद्यात दरड कोसळली आणि मार्ग दहाएक दिवस बंद राहिला, प्रवाशांना मधला तुकडा बसने नेऊन पलीकडच्या गाडीत बसवत होते. तो महिना काही पावसाळ्याचा नव्हता. म्हणून परतीचं विमान आणि शेवटची गाडी यांच्यात पूर्ण एक दिवस मोकळा ठेवलाय. हनोईत उतरायचं, सायगावहून परतायचं, म्हणजे तोच मार्ग उलटा करावा लागत नाही. दोन्ही शहरांहून मुंबईला थेट विमानं आहेत. ई-व्हिसा २५ डॉलरचा, घरबसल्या मिळतो. अर्जात आत शिरायचं ठिकाण हनोईचं विमानतळ निवडायचं, बस.

न्हा त्रांगचे दोन दिवस मी मुद्दाम रिकामे ठेवलेत. बायकोने शीटमध्ये तिथे फक्त 'समुद्र' असं लिहिलंय आणि सेल लॉक केलाय.

जाता जाता एक. २०२४ च्या नोव्हेंबरात व्हिएतनामच्या संसदेने हनोई ते हो ची मिन्ह सिटी हायस्पीड रेल्वे मंजूर केली. १,५४१ किलोमीटर, ताशी ३५० चा वेग, लक्ष्य २०३५. ती झाली की लोक सकाळी निघून दुपारी पोचतील. मी बाबांना ही बातमी दाखवली. ते म्हणाले, "चांगलंय की. तिथल्या लोकांना किती वर्षं असं रखडायला लावायचं? आपली हौस म्हणून?"

मला वाटलं होतं हळहळतील.

पुढच्या शनिवारी तिकिटं काढायची आहेत. हनोई-हुएची रात्र आधी, कारण चार बर्थ एकत्र तिथेच मिळायला हवेत. बाकी टप्पे मिळतील तसे. बाबांनी माझ्या फोनमध्ये पहाटे पाचचा गजर आत्ताच लावून घेतलाय आणि त्याला नाव दिलंय 'डोंग होई'. गजर बंद करायचा नाही अशी सक्त ताकीद आहे.